ती गाठ वहिनींची नव्हती

गंगाधर, हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. तुझ्या तोंडावर टाळलं, पाठीमागं टाळलं, आणि तू गेल्यावरही टाळतच होतो. तेराव्याची पंगत उठल्यावर सुनंदा पदराला हात पुसत माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, बाबांवर तुम्ही लिवा. लहानसं पुस्तक काढून राहिलो आम्ही, घरच्या माणसांपुरतं. त्या फोटोबद्दल लिवा. आईनं मारलेल्या गाठीबद्दल."

मी हो म्हणालो. तुझ्या घरात मला नाही म्हणता येत नाही. सगळा घोळ त्यातूनच झाला.

तुझी नोकरी, तुझी बदली, पाटबंधारे खात्यात तू काढलेले नकाशे, हे सगळं दुसरं कुणीतरी लिहील. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे आणि ते पहिल्यांदाच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा आपल्या लोह्याच्या शाळेत, नदीवर, पेरूच्या झाडावर भटकत बसेन. ती गाठ शकूवहिनींनी मारलेली नव्हती. ती मी मारली.

तू असतास तर इथंच हात वर केला असतास. "नऱ्या, बस." आता तुला हात वर करता येत नाही, म्हणून मला कंठ फुटला. यात शौर्य काही नाही. गेलेल्या माणसापुढं खरं बोलायला काय लागतं?

*

ज्यांनी वहिनींची वाकळ पांघरली नाही त्यांना हे कळायचं नाही. शहरात गोधडी म्हणतात, आपल्याकडं वाकळ. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवायची. सगळ्याच बायका शिवतात. पण वहिनी दोऱ्याला गाठ मारत नसत. सुरुवातीला नाही, शेवटाला नाही. दोरा संपत आला की मागं वळून एक उलटा टाका, त्यावर अंगठा दाबायचा, आणि कात्री.

मी एकदा विचारलं होतं. लातूरहून नांदेडला तुझ्याकडं आलो होतो, तू आत दाढी करत होतास.

"वहिनी, गाठ नाही मारली तर सुटेल की."

"सुटत न्हाई भाऊजी. उलटा टाका दोऱ्याला धरून ऱ्हातो. गाठ मारली की लेकराच्या अंगाला टोचती." मग आतल्या खोलीकडं बघून थोडं मोठ्यानं, "घरात एक गाठ हाय की टोचायला. आनखी कशाला?"

"ऐकून राहिलो मी," तू आतून.

"ऐका. ऐकायलाच बोलून राहिले."

ती वाकळ सुनंदाच्या पहिल्या बाळंतपणासाठी होती. तुझी पांढरी धोतरं, पांढरा दोरा. एका दुपारी वहिनींनी दोरा संपवला, उलटा टाका घेतला, सुई कापडातच खोचली आणि चहा ठेवायला उठल्या. ओळ अर्धीच राहिली. संध्याकाळी त्या नव्हत्या. सुनंदाला तेव्हा सातवा महिना होता.

पुढं मुलगी झाली. वाकळ तशीच घडी करून कपाटात.

*

कॅमेऱ्याचं खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं. हेही लिहून ठेवतो, कारण लोक म्हणतात, गंगाधररावांची करामत. करामत तुझ्या हातांची होती. खूळ माझं.

साखरेनं तुझे डोळे खाल्ले होते. पांढऱ्यावर पांढरा टाका तुला दिसत नव्हता. तू बोटानं चाचपायचास, आणि मग बोटानं कापड झिजेल म्हणून तेही बंद केलंस. लातूरला फोन करायचास. "नऱ्या, तिचा शेवटला टाका मला एकदा दोरखंडाएवढा बघायचा हाय."

जावयानं मोबाईलवर जवळून फोटो काढून दिला. तू तो भिंतीएवढा मोठा करून बघितलास आणि चिडलास. "हे गुळगुळीत हाय. हे यंत्र जे दिसत न्हाई ते आपल्या मनानं भरतंय."

"सगळी यंत्रं भरतात," मी म्हणालो.

"मग न भरणारं सांग. मास्तर होतास ना?"

मी विज्ञानाचा मास्तर. दरवर्षी खडूच्या खोक्याला टाचणीनं भोक पाडून सहावीच्या पोरांना उलटी मेणबत्ती दाखवायचो. तेच तुला सांगितलं. भिंगाला किती जवळ जायचं याची मर्यादा असते, छिद्राला नसते. वस्तू छिद्राच्या नाकाशी ठेव आणि कागद हातभर मागं ने. जितका मागं, तितकं चित्र मोठं. फक्त उजेड इतका पातळ होतो की तास न् तास थांबावं लागतं.

"तास न् तास थांबायला मला कुठं जायचंय?" तू म्हणालास.

त्या हिवाळ्यात मी दर पंधरवड्याला लातूर-नांदेड एसटीत होतो. माझी बायको कमल म्हणायची, दुसरं घर केलंय का नांदेडात. गोडेतेलाचा चौकोनी डबा तू आणलास, आतून लावायला फळ्याचा काळा रंग मी आणला. पहिल्या प्रयोगात काहीच आलं नाही. छिद्र कापडाच्या इतकं जवळ, की डब्याचीच सावली टाक्यावर पडायची. दोन दिवस तू डब्याभोवती फिरत राहिलास. मग स्वयंपाकघरातून रॉकेलचं जुनं नरसाळं उचललंस आणि डब्याच्या तोंडाला उलटं जोडलंस. निमुळत्या टोकाला छिद्र. आता बाजूनं ऊन आत घुसायला जागा झाली. त्या दिवशी तू मला दोनदा जेवायला वाढलंस.

छिद्र पाडलं वहिनींच्या सुईनं. तीच, वाकळीत खोचलेली. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला, सुईचं नुसतं टोक टेकवून दाबलं, मागून आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरनं घासला, पुन्हा टोक. उजेडाला धरून बघायचो.

"आनखी बारीक कर," तू.

"फार बारीक केलं की उलटं होतं. उजेड पसरतो, चित्र विसविशीत येतं."

"माणसासारखंच म्हन की. लई आवळलं की फाकतं."

फोटोचा कागद आणि औषधं मिळता मिळेनात. नांदेडातल्या स्टुडिओवाल्यानं आपल्याला आदरानं खुर्ची दिली आणि म्हणाला, "सर, पोराला सांगा ना एक चांगला मोबाईल घेऊन द्यायला." शेवटी कुरिअरनं मागवलं. टाक्याला हात लावायच्या आधी सराव म्हणून ज्वारीचा दाणा काढला, तो खरबुजाएवढा आला. मेलेली मुंगी काढली. औषधातून ती वर आली तेव्हा तू म्हणालास, "पोळ्याचा बैल झाला की गा. शिंगं रंगवायची ऱ्हायली."

मी इतका हसलो होतो. नोकरी सुटल्यापासून तसा हसलो नव्हतो. तुझं माझ्यावर ऋण असेल तर ते या हिवाळ्याचं आहे, हे इथं नोंदवतो. पुढचं लिहिलं की हे लिहायचा अधिकार राहणार नाही.

आणि भांडण तर रोज होतं. मी म्हणायचो, छिद्रातलं चित्रही पूर्ण खरं नसतं, कडा विरघळलेल्या असतात. तू म्हणायचास, "विरघळू दे. पण ते पदरचं काही घालत न्हाई."

छिद्रानं पदरचं काही घातलं नाही, गंगाधर. मी घातलं.

*

त्या दिवशी सुनंदा धर्माबादहून बाळाला घेऊन येणार होती. ठरलं होतं असं, की आज टाक्याचा फोटो काढायचा, मग वाकळ सुनंदाच्या हवाली. उरलेल्या ओळी ती शिवणार, आईची वाकळ लेक पुरी करणार. ती दोराही घेऊन येणार होती, पांढरा, आईच्या दोऱ्याशी मिळता.

तू सकाळीच गच्चीवर सगळं मांडलंस. तुझा जुना ड्रॉइंग बोर्ड, त्यावर वाकळीचा तो कोपरा ताणून पिना. नरसाळ्याचं टोक टाक्यापासून पेरभर अंतरावर. डबा विटांनी दाबलेला. छिद्रावर काळी चिकटपट्टी. ऊन टाक्यावर पाडायला माझ्या हातात दाढीचा आरसा.

"मी पोरीला आनायला स्टेशनवर चाललो. ऊन कठड्याच्या आत आलं की पट्टी काढ आन् आरसा फिरवत ऱ्हा. उनासंगं. दुसरं काही करू नको."

"पोरगा आहे का मी?"

"पोराला सांगितलं असतं तर ऐकलं असतं. तू मास्तर हायस. दुसरं काही करू नको."

तू गेलास. ऊन यायचं होतं. मी भिंग घेऊन टाक्यावर वाकलो, सगळं नीट आहे ना बघायला. टाक्याच्या टोकाशी एक तंतू उभा दिसला. मला वाटलं, कापसाची लव. ती छिद्रासमोर राहिली तर चित्रात केवढा खांब होऊन येईल, हे मला माहीत होतं. आयुष्यभर पोरांच्या प्रयोगवहीतली खाडाखोड लाल पेनानं काढत आलो. चिमटा घेतला आणि ओढली.

ती लव नव्हती. वहिनींनी कात्री लावून सोडलेलं दोऱ्याचं टोक होतं.

तो दोरा किती सहज आला. काही अडलं नाही. उलटा टाका उलगडला, त्याच्यामागचा एक टाका आला, आणखी एक. गाठ नव्हतीच ना, अडायला. मी चिमटा सोडला तेव्हा वहिनींचा शेवटचा टाका माझ्या समोर लोंबत होता.

मी भ्यालो. काय लपवायचं? साठी उलटलेला माणूस, तीस-एक वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेला, चोरून जिना उतरून बघून आला की तू परतलास की काय. मग सुई घेतली. तिनंच छिद्र पाडलं होतं, ती तिथंच पेटीत होती. पिना सैल केल्या, दोरा ओवला. हात कापत होते, पण वहिनींनी पाडलेली भोकं कापडावर अजून होती, त्यांतूनच सुई घातली. एक टाका, दुसरा टाका. माझे टाके सैल पडले होते, आणि शेवटाला आलो तर टोक आखूड पडलं. उलटा टाका घ्यायला दोराच पुरेना. एवढ्याशा शेपटाचं काय करणार? ते सुटलं असतं तर पुन्हा सगळं आलं असतं.

म्हणून गाठ मारली. बूट बांधायला शिकलेल्या माणसाला जशी येते तशी. मग ऊन कठड्याच्या आत आलं आणि मी पट्टी काढली. दुपारपर्यंत आरसा फिरवला, अगदी तू सांगितलंस तसा. दुसरं काही केलं नाही.

*

न्हाणीच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. लाल बल्ब. तू ताटलीत कागद हलवत होतास, मी बाजूला उभा. बाहेर सुनंदा बाळाला झोपवत काहीतरी गुणगुणत होती. कागदावर आधी करडं पसरलं, मग त्यात तो टाका वर आला. पांढऱ्याचं काळं होऊन, मनगटाएवढा जाड, पीळ दिसणारा दोरखंड. तुला हवा होता तसाच. आणि त्याच्या टोकाला काळा गोळा.

तू ताटली हलवायचा थांबलास.

"नऱ्या. ही गाठ हाय."

त्या क्षणी सांगायचं होतं. नंतर अनेकदा सांगता आलं असतं, पण सोपं तेव्हाच होतं. तू शिव्या घातल्या असत्यास, कदाचित ताटली फेकली असतीस. संध्याकाळी आपण एका ताटात जेवलो असतो.

मी म्हणालो, "हो, दिसते तर."

तू ओल्या हातानं बाहेर गेलास, बोर्डावरची वाकळ उचललीस आणि टाक्यावर बोट ठेवलंस. किती दिवसांनी त्या कापडाला हात लावलास! बोटाला ती लागली. तू परत आलास, न्हाणीतल्या उलट्या बादलीवर बसलास. रडशील असं मला वाटलं होतं. तू हसत होतास.

"जनमभर मारली न्हाई तिनं. आन् ह्या टाक्याला मारली. तिला मालूम झालतं, नऱ्या. काम संपलं म्हनून सांगून गेली." मग थोड्या वेळानं, "गाठ म्हंजी गाठ पडनं बी. पुन्हा गाठ पडंल म्हनती."

एका शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, त्याला मी काय करू? ती गाठ नसती, नुसता मोडका टाका असता, तर तू एवढा उंच गेला नसतास. मग मला तुला खाली आणता आलं असतं.

सुनंदा दोरा घेऊन आली तेव्हा तू वाकळ घडी करत होतास.

"आता हिला सुई लावायची न्हाई, बाई."

"बाबा, बाळासाठी हाय ती."

"होती. तुझ्या आईनं बंद केली. आता मी कोन उघडनार?"

ती माझ्याकडं वळली. "काका, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

मी म्हणालो, "राहू दे बाई. त्यांच्या मनासारखं होऊ दे."

ते वाक्य मला अजून तोंडात कडू लागतं. मोठ्या माणसासारखं बोललो होतो. समंजस. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मला सोडायला ती आली, बाळ खांद्यावर. गाडी लागायला वेळ होता. ती म्हणाली, "आईनं माझ्यासाठी सुरू केली आन् बाबांसाठी संपवली. मी मधी कुठं न्हाईच, काका." रागानं नाही, तिकिटाचे पैसे विचारावेत तितक्या साध्या आवाजात. मी खिडकीत बसून लातूरपर्यंत तेच ऐकत होतो.

सुनंदा, हे तू वाचशील, म्हणून बाबांना सोडून दोन शब्द तुझ्याशी बोलतो. आईनं ती वाकळ बंद केली नव्हती. उलटा टाका घेऊन सुई कापडात खोचून ठेवली होती, म्हणजे उद्या पुन्हा बसणार होती. तुझ्या बाळासाठीच.

*

घरी आल्यावर कमलला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. म्हणाली, "उद्याच्या उद्या जाऊन सांगा. शिळं झालं की गिळवायचं न्हाई." मी म्हणालो, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला गेलो तर फोटो चौकट करून दारासमोरच्या भिंतीवर. गल्लीतल्या बाया बघायला येत होत्या. तू खुर्चीत बसून समजावत होतास, हा टाका, हा पीळ, आणि ही गाठ. एक म्हातारी फोटोला हात जोडून गेली. मी चहाचा कप विसळून ठेवला आणि निघालो.

आता तुझ्यावरचा रागही लिहितो. स्मृतिलेखात गेलेल्या माणसावर रागवत नाहीत, पण मग बाकीचं कुठं लिहू? तू आयुष्यभर रेषा ओढल्यास. केसभर चुकलेली रेषा तुला टेबलापलीकडून दिसायची. तो टाका बाईच्या हातचा नाही, इतकी वर्षं शेजारी बसून शिवणाऱ्या तुझ्या बाईच्या हातचा तर मुळीच नाही, हे तुला दिसायला नको होतं? गाठ ओबडधोबड होती. तू म्हणालास, "हात थरथरला असंल तिचा." थरथरला होता. माझा. तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की गच्चीवर मी एकटा काय करत होतो. विचारलं असतंस तर मी खोटं बोलू शकलो नसतो. निदान असं मला वाटतं.

कमल म्हणते, त्यांना कळलं असेल, तुमच्यासाठी गप्प राहिले असतील. मी हे मानत नाही. ती माझ्यावर माया करते म्हणून असं म्हणते. तू तसा माणूस नव्हतास. तुला कळलं असतं तर तू लातूरला येऊन माझ्या दारात ओरडला असतास.

आणि भांडण झालं तेही मी सरळ केलं नाही. सुनंदाची पोर चालायला लागली होती. मला वाटलं, गुन्हा न सांगता निकाल तेवढा फिरवावा.

"गंगा, देऊन टाक वाकळ पोरीला," मी म्हणालो. "गाठीचं काय एवढं घेऊन बसलास? दोरा आहे. कुणाच्याही हातून गाठला जातो."

"कुनाच्या बी? तिच्या हातून जनमभर न्हाई गाठला गेला."

"छिद्रातून बघून बघून तुला तेवढंच दिसायला लागलंय. जितीजागती पोरगी दिसत नाही."

तुझा चेहरा उतरला. पण तू खाली नाही आलास. "तुझी बायको घरी भाकरी थापून राहिली, नरहरी. तू काय मला गाठ शिकवतो?" नऱ्या नाही, नरहरी. आणि मग हळू आवाजात, "ऊठ."

मी उठलो. मनातून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. तू मला हाकललंस, म्हणजे आता मीच दुखावलेला होतो. दोन वर्षं तो दुखावलेपणा मी नीट जपला. दिवाळीला फोन केला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, गंगाधरचा स्वभाव फार हट्टी झालाय.

*

घाटावर काय झालं ते तू बघितलं नाहीस.

मी पोहोचलो तेव्हा तुला गोदावरीच्या काठावर आणलेलं होतं. लाकडं रचून झाली होती. जावई लोकांना सांगत होता, सासऱ्यांची शेवटची इच्छा होती. मग सुनंदा गर्दीतून पुढं आली आणि तिच्या हातात घडी केलेली वाकळ होती. ती तुझ्यावर घालायची होती. तसं तू सांगून ठेवलं होतंस.

तिनं घडी उलगडली. कोपरा गालाला लावला, एकदाच, कुणाला दिसू नये असा. तिची मुलगी शेजारी उभी होती, शाळेच्या गणवेशात, वर्गातून तशीच आणलेली. ती म्हणाली, "आई, ही माझी होती ना?" सुनंदा म्हणाली, "आजोबांची हाय."

मी हाताच्या अंतरावर होतो. थांबा, एवढा एक शब्द पुरला असता. थांबा, ती गाठ माझी आहे, ती वाकळ या पोरीची आहे. लोक चमकले असते. जावई चिडला असता. म्हाताऱ्याला वेड लागलं, म्हणाले असते. आणि वाकळ वाचली असती.

मी दस्तीनं डोळे पुसले. माझ्या बाजूच्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, लहानपणचे दोस्त होते ना? मी मान हलवली. जुनं धोतर फार लवकर पेटतं.

न्हाणीत गप्प राहिलो ते भीतीनं. घाटावर गप्प राहिलो त्याला मला शब्द सापडत नाही.

*

एक राहिलं. घाटाच्या आधीचं, गेल्या वर्षीचं.

तुझ्या पायाची जखम चिघळली, असं कळलं तेव्हा मी नांदेडला आलो होतो. सांगायलाच आलो होतो. कमलनं शपथ घातली होती. एसटीत वाक्यं जुळवली, पुन्हा पुन्हा म्हटली, शेजारचा प्रवासी अंग चोरून बसला इतकी. तुझ्या दारात आलो तर दार उघडंच होतं. समोर तो फोटो, खाली खुर्चीत तू, पाय स्टुलावर. तुला चेहरा दिसला नसावा. चालण्यावरून ओळखलंस.

"नऱ्या?"

"हां."

"ये. बस." मग मी बसायच्या आधीच तू हात पुढं केलास, चाचपत. "कामून आलास मालूम हाय मला. त्या दिशी गाठीला बोललास ते मनात धरून राहिलो होतो. आता न्हाई. माफ केलं, जा. ती असती तर तिनं बी केलं असतं."

मी तुझा हात धरला. तुझ्या तोंडावर इतकी तसल्ली होती की माझी जीभ उचलेना. तू म्हणालास, चहा ठेव, तुला माहीत आहे साखर कुठं आहे, मला घालू नको. मी चहा केला. आपण मुंगीवरून हसलो. फोटोकडं पाठ करून बसलो होतो मी. संध्याकाळची गाडी धरून परत आलो आणि कमलला म्हणालो, सांगितलं. तिलाही खोटं बोललो.

तू जी माफी दिलीस ती मी मागायला आलो नव्हतो, गंगाधर. ती मी घेतली, कारण ती हातात ठेवलेली होती. जी मागायला आलो होतो ती अशी होती, एसटीत जुळवलेली, शब्दाला शब्द:

गंगा, ती गाठ मी मारली. वहिनींनी नाही. माझ्या हातून त्यांचा टाका सुटला आणि मी भ्यालो. वाकळ पुरी झालेली नाही, अर्धीच आहे. ती आज सुनंदाला दे, ती शिवेल. मला माफ कर.